दोराचं दुसरं टोक

पडदा वर जातो तो स्वयंपाकघरावर. मधोमध टेबल, त्यावर वेलदोडा घातलेला गोड पाव आणि कॉफीचे तीन मग. खिडकीबाहेर मिशिगनच्या उत्तर टोकाचा सप्टेंबर. मेपल नुकते तांबूस व्हायला लागलेत. टेकडीपलीकडचं मोठं सरोवर इथून दिसत नाही, पण इथला सगळा बर्फ तेच पाठवतं. टेबलाशी विएनो पेल्कोनेन बसली आहे. तिचे हात मगाभोवती आहेत. कॉफी केव्हाच गार झाली, तरी हात तिथेच आहेत.

या बाईने उभा जन्म गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं. गावात तिला सगळे ओळखतात ते त्यामुळे. पण तिचं खरं काम हिवाळ्यात असायचं, आणि ते कोणी पाहिलेलं नाही.

पेल्कोनेनांचं छप्पर उभ्या उताराचं. नवऱ्याच्या, आर्वोच्या, बापाने खाणीतून सुटल्यावर संध्याकाळी एकेक वासा चढवून बांधलेलं. इतक्या उतारावरून खरं तर बर्फ घसरून जायला हवा. पण वर कौलांच्या जागी डांबरी शिंगल, पॉलिश कागदासारखे खरखरीत, ते बर्फ धरून बसतात. मग आर्वो फावडं घेऊन वर चढायचा. कमरेला दोर. दोर आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर, तिथून खाली सफरचंदाच्या झाडाला दोन वेढे, आणि शेवटचं टोक विएनोच्या हातात. मध्ये आढं असल्यामुळे तिला नवरा दिसायचा नाही. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे आवळ. लग्नानंतरचा प्रत्येक हिवाळा तिने असा झाडाशी उभं राहून, दिसत नसलेल्या माणसाला हातांनी ऐकत काढला.

एकदा हिसका आला तो एकही नव्हता, दोनही नव्हते. दोर तळव्यांतून सणसणत गेला आणि ती खोडावर आपटली. पण टोक सुटलं नाही. आर्वो धडपडत शिडीवर आला. रात्री दोघांनी माशाचं सूप खाल्लं. तो म्हणाला, "मीठ जरा कमी आहे." तिने पट्टी बांधलेल्या हाताने मीठ पुढे सरकवलं. त्या विषयावर पेल्कोनेनांच्या घरात झालेलं एवढंच बोलणं.

तर आज टेबलाशी तिसरा माणूस आहे ड्वेन बोशां, छपरं घालणारा. त्याने तीन नमुने मांडलेत.

"हा डांबरी शिंगल, आत्ता वर आहे तोच. ही सीडरची लाकडी खपली."

"माझ्या बापाने पहिल्यांदा हीच घातली होती," आर्वो म्हणाला आणि ती नाकाशी धरून बसला.

"वासाला छान. पण तुमच्या उत्तरेच्या पाख्याला ऊन नाही, शेवाळ धरेल. आणि हा पत्रा. शिवणी उभ्या, खिळा कुठे उघडा नाही. यावर बर्फ थांबतच नाही."

विएनोने पत्र्यावर बोट ठेवलं. बोट आपोआप घसरलं.

"हिला रंग आवडला," आर्वो म्हणाला.

"रंग कोण बघतंय, आर्वो. ड्वेन, शाळेत तू वाटाणे खिशात लपवायचास. आज तरी खरं सांग. याच्यावर फावडं घेऊन चढावं लागेल?"

"वाटाणे अजून लपवतो, मिसेस पेल्कोनेन. पण चढावं लागणार नाही. फक्त तुमचं दार वळचणीखाली आहे. सगळा बर्फ एकदम दारात येईल. दार बाजूच्या भिंतीला न्यावं लागेल, जिथे उतार नाही."

"दार हलणार नाही," आर्वो म्हणाला. "बापाने ते विचार करून ठेवलंय. उंबऱ्यावरून सौनाच्या न्हाणीघराचा धूर दिसतो. शनिवारी पाणी तापलं की नाही ते आत बसून कळतं."

"तुझ्या बापाला विचार करायला भरपूर वेळ होता. तो वर चढला की दोर तुझी आई धरायची," विएनो म्हणाली.

ड्वेनने पावाचा आणखी एक तुकडा घेतला. शेवटी आर्वो खिडकीकडे बघत म्हणाला, "घाल पत्रा."

इतक्या सहज? विएनोला नवल वाटलं. पण ती इतकी थकली होती की नवलाच्या मागे जायचं त्राण नव्हतं. मिळालंय ते घ्यावं.

ऑक्टोबरात काम उरकलं. शेवटच्या दिवशी ती बाहेर कॉफी घेऊन गेली आणि सहज वर पाहिलं. करड्या पत्र्यावर, दाराच्या बाजूच्या अख्ख्या पाख्यावर, उभ्या शिवणींना लोखंडाचे छोटे आकडे चिमटून बसवले होते. ओळीमागून ओळ.

"हे काय, ड्वेन?"

ड्वेनने टोपी काढून परत घातली. "बर्फ अडवायचे आकडे. आर्वो म्हणाला, दारावर कोसळायला नको."

"म्हणजे बर्फ वरच राहणार."

"थोडा राहील."

"आणि तो काढायला हा चढणार. शिंगलवर निदान पाय तरी टिकायचा."

ड्वेन अवजारं गोळा करायला लागला. या गावात हे असंच होतं. माणूस पत्रा घालतो बर्फ घसरावा म्हणून आणि आकडे लावतो घसरू नये म्हणून, कारण बापाचं दार हलवायचं नसतं.

विएनो भांडली नाही. ती लाकडाच्या शेडमध्ये गेली, खुंटीवरचा दोर काढला, आणि आर्वो जेवत होता त्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हा आत कशाला आणलास?"

"याचं एक टोक तुझं आहे. दुसऱ्याला आता माणूस बघ."

"हिवाळा लागू दे, मग बघू. अगं, मी काही पडत नाही."

"तू पडलास की ते मला आधी हातात कळतं, आर्वो. तुझं ओरडणं नंतर येतं. मी इतकी वर्षं झाडाशी उभी राहून तुझ्या पडण्याचीच वाट बघितली आहे. आता नाही होत." तिने तळवे टेबलावर उताणे ठेवले. दाखवायला नव्हे. ते जड झाले होते.

आर्वोने तळव्यांकडे पाहिलं, मग ताटलीतल्या बटाट्याकडे. बटाटा संपवला. उठला, कोट घातला. बाहेरून त्याचा आवाज आला, "ड्वेन, शिडी ठेव अजून. ते आकडे काढायचेत." थोड्या वेळाने, हळू आवाजात, "आणि दाराचं वसंतात बघू. आता जमीन गोठेल."

डिसेंबरात तीन दिवस सरोवर बर्फ ओतत राहिलं. चौथ्या दिवशी सकाळी दोघं कॉफी पीत होते. वर काहीतरी कुरकुरलं, मग भरल्या मालगाडीसारखा आवाज करत अख्खं पाखं रिकामं झालं. कपाटातले कप किणकिणले. दाराच्या काचेत पांढरं चढत गेलं आणि खोली संध्याकाळसारखी अंधारली.

मागे लाकडाच्या शेडमधून बाहेर पडायचं दार होतंच, हे आर्वोला ठाऊक होतं. तरी तो उठला, दाराची मूठ फिरवून पाहिली, आणि परत येऊन उभा राहिला.

"सांगितलं होतं तुला. आता बाहेर जायचं कुठून?"

विएनोने पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले. हात मांडीवर होते, रिकामे.

"बस ना," ती म्हणाली. "कुठं जायचंय तुला?"