तात्या कोणत्या ग्रुपात?

साखर कारखान्यात नेटवर्क आणि निवडणूक एकाच वर्षी आली, की किस्से शोधावे लागत नाहीत. तेच चहाच्या वेळेला टेबलावर येऊन बसतात! नव्वदच्या दशकाच्या शेवटी नगर जिल्ह्यातल्या आमच्या कारखान्यात असंच झालं. मी कॉम्प्युटर विभागात. काम एकच: प्रत्येकाला योग्य ग्रुपमध्ये घालायचं, म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाच्या फायली त्याला उघडतील.

स्टोअरकीपरला विचारलं, "तुमचा ग्रुप कोणता ठेवू?"

"ओ पॉझिटिव्ह!"

*

इलेक्ट्रिकलचे फोरमन तणतणत आले. "मशीनवर 'पॉवर युजर्स' असा ग्रुप हाय, अन् त्यात आमी न्हाई? पॉवर देतंय कोन?"

*

नवे अकाउंटंट म्हणजे चेअरमनचे जावई. पहिल्याच दिवशी त्यांना एकही फाईल उघडेना. बघतो तर आमच्या विभागातल्या संगीताबाईंनी त्यांना 'गेस्ट'मध्ये घातलेलं!

"अहो, पाहुणे ना ते?" बाई म्हणाल्या.

*

आणि आता तात्या. शेतकी विभागातले जुने क्लार्क, घरी आजारी आई. निवडणूक तोंडावर, आणि विरोधी गटातला म्हणून संशय आला की लांब बदली ठरलेली. तात्या धास्तावलेले. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, "तुम्ही शेतकीत आहात. शिवाय 'डोमेन युजर्स'मध्ये. त्यात सगळेच आपोआप जातात."

एक दिवस चेअरमन थेट आमच्या खोलीत! "कोन कुठल्या ग्रुपात, हे मशीनवर दिसतं म्हनं?"

"दिसतं की!" मी उत्साहात बोलून गेलो.

"मग तात्यांचं दाखवा."

तात्या दारातच उभे होते. तोंडचं पाणी पळालेलं. मी कीबोर्डवर त्यांचं नाव टाकलं. स्क्रीनवर दोन नावं आली.

"दोन गट?" चेअरमनचा आवाज चढला. "एक शेतकी, समजलं. ह्यो दुसरा कुनाचा?"

मी तोंड उघडायच्या आत तात्याच पुढं झाले. "साहेब, त्यो बिनविरोध हाय. समदा कारखाना त्यात हाय. तुमी बी हाय!"

चेअरमननी मला आख्खा ग्रुप उघडायला लावला. चष्मा लावून एकेक नाव खाली वाचत गेले. स्वतःचं सापडलं आणि चेहरा खुलला.

"तात्यांना हितंच ऱ्हाऊ द्या," ते मला म्हणाले. "पन माझं नाव वर घ्या!"