तूरडाळीची डबी

पुण्यात दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्यांना तोटा नाही. पण चूक काढून ती न सांगणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, आणि तो आमच्या बिबवेवाडीत बरोबर माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. सरकारी कचेरीत जन्मभर साहेबांची इंग्रजी पत्रं टाइप करून निवृत्त झालेले हे गृहस्थ; आता आम्ही त्यांनाच साहेब म्हणतो. लिफ्टमधली इंग्रजी सूचना वाचल्यापासून तीन मजले जिन्याने चढतात. "ज्यांना वाक्य धड उभं करता येत नाही, त्यांच्या दोरीवर मी लटकणार नाही," म्हणाले.

मी त्यांच्याकडे गेले ती नातीपायी. ती परदेशात वाढली, मराठी तिला वाचता येत नाही. म्हटलं, आपली हकिकत इंग्रजीत लिहावी. माझं इंग्रजी पोरांच्या जुन्या पुस्तकांवरून उचललेलं. पहिली आठ पानं पाठवली, तर लेक फोनवर म्हणाली, "आई, तिला काहीच कळलं नाही गं." तेव्हा मी पानं घेऊन जिना चढले.

साहेबांनी पंखा बंद केला, डबी उघडली आणि चुकलेल्या प्रत्येक ओळीवर तुरीच्या डाळीचा एकेक दाणा ठेवला. पान पिवळं झालं! "अहो, पण चुकलं काय?" "बाई, मार्केट यार्डात वीस वर्षं धान्य निवडलंत ना? खडा कुठल्या सुपात आहे ते सांगितलं. वेचायचा तुम्ही." भर मे महिन्यात दोघंही घामाने निथळतोय, पण पंखा लावायचा नाही, दाणे हलतील! फारच अडले तर एखादा टोमणा मिळे. "या वाक्यात तीन कर्ते आणि क्रियापद एकही नाही. सोसायटीची मीटिंग आहे का ही?" किंवा, "तुमची आई वरच्या ओळीत वारली आणि खालच्या ओळीत भाकरी थापतेय. एक काय ते ठरवा." मी हसता हसता डोळे पुसले आणि काळ सुधारला. एका श्वासात वाचता येईना ते वाक्य तोडायला शिकले, लिहिलेलं दोन दिवस डब्यात मुरवून मग परक्यासारखं वाचायला शिकले.

यंदा शेवटची पानं परत आली ती कोरी, एकही दाणा नाही. मी हरखले. "एवढं बरोबर?" साहेब म्हणाले, "बाई, आता मला अक्षरं दिसत नाहीत." मग मीच पंखा बंद केला, एकेक ओळ मोठ्याने वाचली, खटकली तिथे दाणा ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपून मोजले. "चारच? पुन्हा वाचा." वाचलं. पाचवा निघाला.

परवा नातीचा फोन आला. "आजी, तू खरंच गोण्यांच्या थप्पीवर झोपायचीस? आणि तुझी आई तुला उठवायला गरम भाकरी नाकाशी धरायची?" मी तशीच धापा टाकत वर गेले, सांगितलं. साहेबांनी डबी माझ्या हातात दिली. "खाली घेऊन जा. माझ्याकडे आता नुसती आमटीच होईल या डाळीची."

घरातली डाळ संपली तरी त्या डबीला मी हात लावत नाही. फक्त लिहायला बसले, की आधी उठून पंखा बंद करते.