आयुधपूजेच्या संध्याकाळचे धुरकट फोटो

त्या माणसाचा दात रस्त्यावर पडला तेव्हा मी पाच-सहा फुटांवर उभी होते आणि माझा कॅमेरा फोकस शोधत होता. लेन्स पुढे जायची, मागे यायची, पुन्हा पुढे. चौकोन हिरवा होईचना. मी बटण दाबतच राहिले. दुसरं काही सुचलंच नाही, खरं सांगते.

आधीपासून सांगते. कॅमेरा आठ दिवसांचा होता, मिररलेस, माझा पहिला. अण्णाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे, इकडे तमिळ मुलखात, नाचियारकोविलच्या रस्त्याला, घराच्या पुढच्याच भागात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आई घरात अजून खंडेनवमीच म्हणते, सगळे पाने, पकडी, हवेचा पंप धुऊन पुसून केळीच्या पानावर मांडायचे, गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत एकाही वस्तूला हात लावायचा नाही. अख्ख्या गावाचा हाच नियम. शिंपी त्या दिवशी सुई उचलत नाही. आईने माझा कॅमेराही पानावर ठेवला होता. कपाळ कुठंय गं याचं, असं विचारत होती गंधाची वाटी घेऊन. मी हसले आणि फुलं आणायला गेले.

संध्याकाळी मी तो उचलला. अण्णा नजर काढायला कोहळा फोडणार होता, आत कुंकवाचं लाल पाणी भरून, आणि ते पाणी उडतानाचा फोटो मला हवाच होता. आई नको म्हणाली. मी म्हटलं, कॅमेरा काय हत्यार आहे का?

अण्णाने कोहळा ओवाळला, रस्त्याच्या मधोमध आपटला. फोडी लगेच पायाने बाजूला सारायच्या असतात. तो सारायला निघालाच होता, पण मीच म्हटलं, थांब अण्णा, हलवू नको, अजून एक घेते. आणि तेवढ्यात ती मोटरसायकल आली.

चाळिशीचा माणूस, चोळपुरमला घरी चाललेला, मागे चुरमुऱ्याचं पोतं बांधलेलं. चाक कोहळ्याच्या गरावर गेलं आणि गाडी अशी आडवी घसरली की त्याची मांडी डांबरावर खरवडत गेली. पोतं फुटलं. तो उठला, शिव्या घालत आला. अण्णाने उलट शिवी दिली. त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि सरळ अण्णाच्या तोंडावर हाणलं. भुवई फाटली. अण्णाने त्याच्या पोटात गुडघा घातला, मग दोघं गरात लोळत होते. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं काही कळत नव्हतं, चुरमुरे चिकटलेले सगळ्या अंगाला. आई ओरडत होती. माझा डोळा कॅमेऱ्याला, आणि आत नुसतं धुकं. एकदा अण्णा उठून गॅरेजकडे गेल्यासारखा वाटला, आला परत. मग एक आवाज आला. नारळ फुटतो ना, त्याच्या आधीचा, पहिल्या घावाचा आवाज. तसा.

त्याचा जबडा मोडला. तीन दात गेले, डाव्या कानातून रक्त येत होतं. लोकांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, आणि पोलिसांनी अण्णाला.

सकाळी अण्णा घरी आला, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पुन्हा हजर व्हायचं होतं. त्या माणसाच्या बायकोने लिहून दिलं होतं की लोखंडी पान्याने मारलं. अण्णाने सांगितलं की आयुधपूजेच्या दिवशी आमच्याकडे पान्याला कोण हात लावेल? हाताने मारलं, तेही त्याने आधी मारलं म्हणून. इन्स्पेक्टरला ते पटलं होतं म्हणे. स्टेशनातही बंदुका हार घालून ठेवल्या होत्या त्या दिवशी. फक्त म्हणाले, बहिणीने फोटो काढलेत तर घेऊन या. पान्याने मारणं म्हणजे जेलच, हाताने म्हणजे सुटेल कदाचित, असं ते मोकळेपणाने बोलले होते.

अण्णा मला म्हणाला, "हेल्मेटचा फोटो शोध. तेवढा मिळाला की झालं."

एकशे सदतीस फोटो होते आणि सगळे दुधात बुडवल्यासारखे. मी दिवसभर बसले. पहिल्यांदा वाटलं सेटिंगचं असणार, आणि काही होतंही. डोळे ओळखून फोकस करायचं चालू होतं, आणि आमच्या दारावर नजर लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा टांगलाय, बटाट्याएवढे डोळे त्याचे, तर अर्ध्या फोटोंत चौकोन त्या मुखवट्यावर. माणसं मरेनात का पुढे. संध्याकाळ होती म्हणून शटरही हळू पडत होतं, हात हलले की रेघा. पण बाकीचे? मग मी भिंतीला पेपर चिकटवला, कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला. तरी मऊच, अक्षरांच्या कडा उमटेनात. फोकस हाताने केला, अक्षरं मोठी करून करून पाहिली, तरी मऊच. म्हणजे दोष फोकसचा नव्हताच ना! लेन्स काढून ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली आणि दिसलं. काचेवर गोल गोल पुसल्याच्या खुणा, तेलकट, पिवळसर.

आईने कबूल केलं. कपाळ सापडेना म्हणून झाकण काढून काचेलाच गंध लावला होता, मग मी रागावेन म्हणून पदराने पुसला. ती रडायला लागली. मी रागावले नाही, मी इतकी खूश झाले, कारण फोकस चुकला तर फोटो गेला तो गेला, पण काचेवर पडदा असेल तर कॉम्प्युटरवर काळं-पांढरं ताणून थोडं तरी वर आणता येतं. मी बसले ताणत. पंचेचाळिसावा: हेल्मेट हवेत, अण्णाचं डोकं मागे गेलेलं. मी किंचाळलेच. अण्णाने माझ्या डोक्यावर टपली मारली, आई देवापाशी गेली.

मग मी पुढचे उघडत गेले. कशाला, माहीत नाही. सवय लागली होती हाताला.

एकशे अकरावा. तो माणूस खाली पडलाय, कुशीवर, दोन्ही हात डोक्यावर धरून. मारत नाहीये, उठतही नाहीये. वर एक हात, कोपरापासून पुढे, आणि त्यात मोठा पाना. चेहरा फ्रेमच्या बाहेर. पुढच्या फोटोत त्या माणसाचे हात डोक्यावर नव्हते.

अण्णा मागे उभा होता. म्हणाला, पंचेचाळीस ठेव, बाकीचे काढून टाक. मी म्हटलं, अण्णा, तो पडला होता. त्याने माझं मनगट धरलं, माउसवरच दाबलं, हाड वाजेल इतकं. मी सोडवून घेतलं तर कानाखाली मारली. पाच वर्षांनी मोठा आहे, कधी हात उगारला नव्हता. मग तोच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "चेहरा तरी नाहीये गं त्यात. कुणाचाही हात असेल."

ते खरं होतं. धुरकट होता हात, अंगठी नाही, घड्याळ नाही. मी वर आणलेले सगळे फोटो कार्डावर घेतले, कार्ड काढून ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलं आणि तसंच घेऊन झोपले.

अकरा वाजता स्टेशनात मी गाठ सोडून कार्ड दिलं, इन्स्पेक्टरने एकेक फोटो नीट पाहिला. पंचेचाळिसाव्यावर मान हलवली. एकशे अकराव्यावर थांबले, मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी नुसते ठिपके. अण्णा माझ्या शेजारी उभा होता, भुवईला टाके घातलेला. त्याचा श्वास ऐकू येत होता मला.

"हा हात कुणाचा?" त्यांनी विचारलं, मला नाही, टेबलालाच विचारल्यासारखं.

गल्लीतले दहा लोक होते तिथे तेव्हा, त्यांतल्या कुणाचाही म्हणता आला असता. मला काही दिसलं नाही म्हटलं असतं तर तेही खोटं नव्हतं, मी धुकंच बघत होते. पण ते डोक्यावर धरलेले दोन हात.

"अण्णाचा," मी म्हटलं.

लिहिणाऱ्या हवालदाराला ऐकू गेलं नाही. त्याने पेन उचलून विचारलं, कुणाचा म्हणालात? दुसऱ्यांदा सांगायला मला पुष्कळ वेळ लागला, पण सांगितलं.