मिक्सरची ओळ

बी.ए. झाल्यावर मी कळंबला घरी बसून जाहिराती लिहायला लागले होते. लागले होते म्हणणंही जास्तच, कारण पुण्याच्या त्या छोट्या जाहिरात संस्थेनं अजून माझी एकही ओळ घेतली नव्हती. यावेळी मिक्सरची जाहिरात होती. तिथले साहेब म्हणाले होते, "उद्या दुपारच्या आत फोन करतो. ओळ जमली तर ठीक, नाहीतर पुढचं काम दुसऱ्या कुणाला देऊ."

नेमकी त्या फोनच्याच दिवशी ताईच्या लग्नाची बैठक ठरली. मुलाकडची बोरी बुद्रुकची मंडळी पुढच्या खोलीत बसली आणि फोन त्याच खोलीत. बैठकीत आमच्याकडे बायका पुढं येत नाहीत. मी तर नवरीची धाकटी बहीण.

"वाजला तर वाजू दे," आई म्हणाली. "तुझ्यापायी हिचं मोडायला नको."

"जाऊ दे गं तिला," ताई म्हणाली. "फोनवर बोलल्यानं मोडत आसंल तर मोडू दे." पण तिचं लक्ष पुढच्या खोलीकडंच होतं.

फोन वाजला. वडिलांनी उचलला आणि नुसतं "हां, हां" करत राहिले. त्यांनी "घरी नाय" म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला अजून सांगता येत नाही. ओढणी सारखी करून मी पुढच्या खोलीत गेले आणि हात पुढं केला. माझ्याकडं न बघता त्यांनी रिसीव्हर दिला.

"पाटा-वरवंट्याला आता सुट्टी," मी हळू आवाजात सांगितलं.

"ऐकू येत नाहीये मॅडम. मोठ्यानं."

मोठ्यानं सांगितलं. खोलीतलं बोलणं थांबलं.

"हे जुनं झालं हो. दुसरं?"

"दोन मिनिटांत चटणी, चव मात्र पाट्यावरची."

"मिक्सरला पाट्याची चव येती व्हय?" मागून मुलाचे मामा म्हणाले. "आमच्यात हाये की आणलेला. झाकून ठेवलाय."

कुणीतरी हसलं. मुलाचे वडील हसले नाहीत.

"फार लांब आहे," साहेब म्हणाले. "अजून काही? मला आत्ता छापायला द्यायचंय."

अजून काही नव्हतं. मागं वडील खाकरले. तीच ओळ मोडून तोंडाला आलं ते मी बोलून टाकलं, "चव पाट्याची, काम बटणाचं."

पलीकडं कागद सळसळला.

"परत सांगा. लिहून घेतो."

मी परत सांगितली. त्या सगळ्या टोप्यांसमोर, ओरडून.

"चालेल. पुढच्या आठवड्यात गिझरचं काम पाठवतो."

मी रिसीव्हर ठेवला. मग मुलाच्या वडिलांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "हां, तर आपण मानपानावर व्हतो."

मी आत आले.

"घेतली?" ताईनं विचारलं.

"घेतली. आणि बोलणं चालू हाये त्यांचं."

आई चहाचे कप मोजायला लागली. मी चुलीपाशी टेकले. आमच्याकडं अंघोळीचं पाणी बंबात तापायचं. गिझर मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो कसा असतो हे कुणाला विचारावं तेही कळत नव्हतं.