मामांच्या बारीचा समुद्र

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकाला मान्य असली तरी माझ्या बायकोच्या मामांना ती कधीच मान्य नव्हती. परळीत स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं नळ, पाइप आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. फूटव्हॉल्व्ह घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मामा आधी कोकणात आज भरती कधी आहे ते सांगत आणि मग व्हॉल्व्ह काढून देत. ज्याच्या बोअरला चिखलसुद्धा उरलेला नाही असा माणूस ही बातमी मुकाट्याने ऐकून घेई, कारण ती ऐकल्याशिवाय व्हॉल्व्ह मिळत नसे. गल्ल्याच्या वर वैद्यनाथाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच चौकटीत, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टचा फोटो. उदबत्ती दोघांनाही ओवाळली जाई. फोटोतल्या वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर मामांनी विभूतीचं बोट टेकवलं होतं. ती खिडकी त्यांची होती. वर्षातून एक आठवडा.

हा आठवडा त्यांनी संभाजीनगरच्या एका हॉटेलात घेतला. फोनवरून बक्षीस लागल्याचं सांगून तिथं बरीच जोडपी गोळा केली होती आणि टाय लावलेला एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. खोली एक, तिचे वाटेकरी अनेक, प्रत्येकाला वर्षातला ठरलेला एक आठवडा, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि लोक पुन्हा पुन्हा गोंधळत होते. मामांना मात्र ते पहिल्या झटक्यात समजलं. नेकनूरला त्यांच्या घराण्याची विहीर चुलत्यांमध्ये सामाईक आहे. ज्या दिवशी ज्याची बारी, त्या दिवशी त्याची मोटार चालते आणि बाकीचे गप्प बसतात. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्या हॉलला विहीर समजावून सांगितली. लोक माना डोलवू लागले. मामी सांगत की टायवाला पोरगा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. शेवटी बाकीच्यांनी बक्षिसाचा कुकर उचलला आणि ते घरी गेले. मामांनी कुकर परत केला आणि आठवडा घेतला.

त्या आठवड्याला निघताना त्यांच्या सामानात ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी, पाना, पक्कड आणि नळाचे वायसर असत. भाताला ते जेवण मानत नसत आणि गळक्या नळाला ते क्षमा करत नसत. पोहोचल्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीतले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोल्यांतले आणि आठवडा संपायच्या आत पोहण्याच्या तलावावरचे नळ दुरुस्त झालेले असत. मॅनेजरने एकदा संकोचून सांगितलं की यासाठी आमचा माणूस आहे. मामा म्हणाले, वाटेकऱ्यानं आपली विहीर बघायची न्हाई तर कुणी बघायची. सकाळी ते गॅलरीत समुद्राकडे तोंड करून डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजेला बसत, आणि खालून फिरायला निघालेली मुंबईची मंडळी वर बघत थांबत. मामी चहा करण्यापुरत्या दिलेल्या शेगडीवर भाकरी थापत. धुराची तक्रार घेऊन वर आलेला मॅनेजर पहिल्याच वर्षी जेवूनच खाली उतरला, आणि पुढं दर वर्षी तक्रार न घेताही येऊ लागला.

या सगळ्याला विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्यामागे मामींचा दमा होता. तो त्यांना माहेरहूनच आलेला, परळीच्या हवेतल्या वीजकेंद्राच्या राखेने आणि धुळीने वाढवलेला. घरी मामी आडव्या होऊ शकत नसत. पाठीशी गोधड्यांची चळत रचायची, त्यावर टेकायचं आणि बसल्या बसल्या जेवढी लागेल तेवढी झोप घ्यायची, असं बरीच वर्षं चाललं होतं. समुद्रावर गेले त्या पहिल्या वर्षी, दुपारचं जेवण झाल्यावर, मामी सहज पलंगावर कलंडल्या आणि सपाट आडव्या होऊन झोपी गेल्या. मामा आत आले, त्यांना बायको आडवी दिसली, आणि त्यांनी वाईटच धरलं. नाकासमोर हात धरला तरी पटेना, म्हणून मॅनेजरला हाक मारली. त्या गलक्याने मामी जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "अवो, झोपू द्या की जरा. कामून गर्दी केली?"

मामींच्या डॉक्टरांनी हवापालटाने असं होतं कधी कधी, त्यावर भरवसा ठेवू नका, असं सांगितलं. मामांनी त्यावरच भरवसा ठेवला. वर्षभरात एक आठवडा आपली बायको आडवी झोपते, एवढी त्यांची समुद्राबद्दलची माहिती होती. भरती-ओहोटी ही त्यावरची सजावट होती.

मग त्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. मामांनी दुकानात टीव्ही लावून ते पाहिलं. रिसॉर्टचे पत्रे उडाले, सुरूची झाडं छपरांवर पडली, खालच्या मजल्यात लाटेबरोबर आलेली वाळू खिडक्यांपर्यंत भरली, आणि वरच्या खोल्यांत छपरातून पाऊस आणि वाऱ्याने उडवलेली वाळू शिरली. रिसॉर्टच्या कंपनीकडून सभासदांना संयम बाळगावा असा एक संदेश आला आणि नंतर काहीच आलं नाही. ही शांतता मामांना घाबरवणारी होती. नेकनूरला विहीर ढासळली की निरोप धाडायची पद्धत नाही. ज्याचा वाटा आहे तो आपण होऊन खोरं घेऊन येतो आणि गाळ उपसतो. जो येत नाही त्याची बारी जाते. मामांनी हिशेब केला की एव्हाना बाकीचे वाटेकरी तिथं पोहोचले असणार आणि गाळ काढताना आपलं नाव कोणी तरी विचारलं असणार.

त्यांनी नेकनूरहून विहिरी खोदणारे दोघे भाऊ उचलले, टेम्पोत खोरी, टिकाव, पाट्या, दोरखंड आणि गाळ वर ओढायची यारी भरली, आणि पेपरवाला जवळ असलेला बरा म्हणून मला पुढं बसवलं. मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात होतो. मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, जावईबापू, यांना पाण्यात जाऊ देऊ नका, पोहता येत न्हाई आन् कबूल बी करीत न्हाईत.

आम्ही पोहोचलो तेव्हा रिसॉर्टच्या फाटकाशी मॅनेजर एकटा बसला होता. त्याच्या स्वतःच्या घरावर ताडपत्री होती. मामांनी टेम्पोतून उतरून चहूकडे पाहिलं. मोडलेल्या इमारतीपेक्षा रिकाम्या आवाराचा त्यांना जास्त धक्का बसलेला दिसत होता.

"बाकीचे वाटेकरी कुठं हायती?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही हो काका. मेंबर कधी येतात का असल्या वेळेला?"

"मग त्येंची बारी ऱ्हाईल कशी?"

मॅनेजरला प्रश्न कळला नाही. मामांनी मग सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर बोलून निरोप टाकला की मी पोहोचलेलो हाय, खोरी जादाची हायती, फक्त जेवायचं आपापलं आणा. त्या गटावर तोवर पैसे परत मागण्याची आणि वकिलांची चर्चा चालू होती. पुण्याच्या एका बाईंनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. मुंबईच्या एका गृहस्थांनी विचारलं की तुम्ही कोणत्या ठेकेदाराकडून आहात. मामांनी फोन खिशात टाकला, धोतर खोचलं आणि कामाला लागले.

नेकनूरच्या भावांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. थोरल्याने पाणी चाखून थुंकलं आणि धाकट्याला म्हणाला, एवढं पाणी आन् एक गुंठा भिजायच्या लायकीचं न्हाई रं. मग दोघांनी त्याच्याकडे पाठ केली आणि काम संपेपर्यंत पुन्हा तिकडे बघितलं नाही. खारं पाणी शिरलेली आवारातली विहीर त्यांनी यारी लावून उपसली. मामांनी स्वतःची खोली घेतली. वाळू पाट्यांनी खाली नेली, भिजलेल्या गाद्या फेकल्या, फरशी धुतली, फुटलेली काच काढून पुठ्ठा ठोकला, नळ बसवले. निघताना खोली जमिनीपासून भिंतीपर्यंत स्वच्छ होती, फक्त वर निम्मं छप्पर नव्हतं, तिथं मामांनी ताडपत्री ताणून बांधली. मग त्यांनी गॅलरीत उभं राहून फोटो काढून घेतला, पुरावा म्हणून. आपली बारी पक्की झाली असं परतीच्या वाटेवर ते दोनदा तरी म्हणाले.

आम्ही परळीत पोहोचलो, आणि त्यानंतर विमा कंपनीचा माणूस तिकडे पाहणीला गेला. त्याने वाळूने भरलेल्या खोल्या पाहिल्या आणि त्या पूर्ण नुकसान म्हणून धरल्या. मामांची धुतलेली, नळ चालू असलेली, ताडपत्री ताणलेली खोली त्याने किरकोळ नुकसान म्हणून धरली. दुरुस्तीचं काम जास्त नुकसानीच्या खोल्यांपासून सुरू झालं. मामांची खोली शेवटी गेली.

हे मामांना पुढल्या वर्षी कळलं, आठवडा जवळ आल्यावर. शेजारच्या खोल्या उघडल्या, माझी का नाही, असं त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मॅनेजर बिचारा बोलून गेला, "काका, तुम्ही वाळू काढली नसती ना, तर तुमचीच खोली आधी झाली असती." मामांनी फोन ठेवला. मग घरात जाऊन त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी म्हणाल्या, "तुमाला कुणी सांगितलंतं तिथं झाडू मारायला? हितं कधी केरसुणी धरली न्हाई." आणि त्या हसू लागल्या. हसण्याचा खोकला झाला आणि तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

रिसॉर्टच्या कंपनीने बदली म्हणून थंड हवेच्या ठिकाणचा आठवडा देऊ केला. डोंगर आमच्याकडं बालाघाटाचा हाय, असं सांगून मामांनी तो नाकारला. मी सुचवलं की त्याच किनाऱ्यावर दुसरं हॉटेल पाहू, साधी खोली घेऊ. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायला लागलं की आपली बारी सैल पडते, असं काहीसं मामा पुटपुटले. पण मोडता घातला तो मामींनी. त्या म्हणाल्या, परक्याच्या खोलीत मला झोप यायची न्हाई, आपली हुईल की दुरुस्त. दोघांपैकी कोणाचा हट्ट मोठा होता हे मला आजही सांगता येणार नाही. त्या वर्षी गोधड्यांची चळत वाढली. पुढं पुढं मामी टेकूनसुद्धा झोपू शकत नसत. समोर उशी घेऊन तिच्यावर कपाळ टेकत. मामा दर आठवड्याला मॅनेजरला फोन करत आणि छपराचं विचारत. छप्पर झालं की दार, दार झालं की रंग. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला आता भरतीऐवजी रंगाची बातमी मिळू लागली.

खोली तयार झाल्याचा फोन आला तेव्हा मामी दवाखान्यात होत्या. तब्येत सावरली की निघायचं असं ठरलं. मामांनी ज्वारी दळून आणली. मामींची तब्येत सावरली नाही.

मामा लिंगायत. त्यांच्यात देह जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि तसाच मातीत ठेवतात. खड्ड्यात बसवलेल्या मामींच्या खांद्यापर्यंत माती आली तेव्हा मामा माझ्याशेजारी उभे होते. ते हळू आवाजात, कोणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, "आडवी झालीच न्हाई परत." काही दिवसांनी मॅनेजर भेटायला परळीपर्यंत आला. चहा घेताना त्याने चांगल्या मनाने विचारलं की अस्थी आणणार असाल तर तिकडची सगळी व्यवस्था मी करतो. मामांनी त्याला सांगितलं की आमच्यात मागं काही उरत न्हाई, न्यायला.

त्या वर्षीचा समुद्राचा आठवडा मामांनी रिकामा जाऊ दिला नाही. दुकानासमोर एक बाई नवऱ्याबरोबर चहाची गाडी लावते. तिचीही छाती दिवसभर घरघरते, आणि तो दमाच आहे हे मामांना नुसत्या आवाजावरून ओळखता येत असे. मामांनी त्या दोघांना एसटीत बसवून दिलं, मॅनेजरला फोन केला, आणि स्वतः दुकानात बसून राहिले. मी त्या आठवड्यात एकदा परळीला गेलो होतो. त्यांनी समुद्राचा विषय काढला नाही.

ती दोघं परत आली त्या दिवशीही मी योगायोगाने तिथं होतो. बाई दुकानाच्या पायरीवर टेकली आणि बोलत सुटली. लाट कशी पायाखालची वाळू ओढते, मॅनेजर किती भला माणूस आहे, तिकडचे नारळ किती, नवरा खेकड्याला कसा भ्याला. मामा वायसर निवडत ऐकत होते. तिचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "झोप लागत हुती का?"

"लागत हुती की मामा. दुसऱ्याच दिशी आडवी पडले ते थेट चहाला उठले. लई वर्सांनी."

मामांचे हात वायसर निवडायचे थांबले. समोर एक गिऱ्हाईक पाऊण इंचाचा एल्बो मागत उभं होतं. मामांनी फळीवरून एल्बो काढला, त्यावरची धूळ पुसली आणि तो गिऱ्हाइकाला द्यायचं विसरून तसाच हातात धरून ठेवला.

"मग पुढल्या वर्सीबी तुमीच जावा," ते म्हणाले.