थंड बाकावरची काडतुसं

या विषयावर मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. मी इथे परदेशात इंजिनिअरिंगच्या मास्टर्सचा विद्यार्थी आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे जाणकारांसमोर तोंड उघडताना आधी मनात दोनदा बोलून बघतो. त्यात विषय बंदुकीचा, आणि मी आजवर एकदाही ट्रिगर ओढलेला नाही. तरी एका रायफलसाठी काडतूस निवडायच्या कामात मी होतो. ते जसं झालं तसं सांगतो. कुठे चुकलो तर माफ करावं.

मेयो काउंटीत, कासलबारच्या बाहेर, एका नेमबाजी क्लबची रेंज आहे. नोव्हेंबरातली सकाळ होती. मोरीनबाईंनी तिसरी गोळी झाडली आणि त्यांची नवी रायफल अडकली. त्यांनी पुन्हा ट्रिगर ओढला. काहीच झालं नाही.

"हात काढा," डेक्लन मागून म्हणाला. "नळी टार्गेटकडेच राहू दे. थांबायचं."

आम्ही थांबलो. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं, म्हणून असं थांबायचं असतं. मग डेक्लननं काडतुसांचं मॅगझिन काढलं, बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता पोलादी ठोकळा, हातानं मागे ओढला आणि काडतूस बाहेर पडलं. बोल्ट पूर्ण बंद झालाच नव्हता. नखाएवढी फट राहिली होती.

"परत तेच," मोरीनबाई म्हणाल्या. "काल तुझ्या हातात नीट चालत होती ना?"

"लोण्यासारखी."

"म्हणजे दोष माझाच."

डेक्लननं बाहेर पडलेलं काडतूस उचलून निरखलं. तो गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा आणि बांधून देणारा कारागीर. त्याच्या वर्कशॉपमध्ये माझी प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमातली काही आठवड्यांची उमेदवारी, होती. वर्गातल्या बाकीच्यांना फार्मा आणि चिपच्या कंपन्या मिळाल्या. मला उशीर झाला आणि हे मिळालं. बार्शीला घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुला शिकायला पाठवलंय का शिकारीला?" मी म्हटलं, "आई, मी फक्त मोजमाप करतो." ते खरंही होतं. इथे जिवंत काडतूस बाळगायलासुद्धा परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. गोळ्या डेक्लन झाडायचा. मी उडालेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून मोजायचो आणि आकडे लिहायचो.

मोरीनबाई निवृत्त शिक्षिका. क्लबच्या जुन्या सभासद. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात कमजोर झाला. साध्या रायफलला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानं मागेपुढे करावा लागतो, ते त्यांना जमेना. म्हणून डेक्लननं त्यांच्यासाठी पॉइंट टू-टूची, म्हणजे अगदी लहान गोळीची, सेमी-ऑटोमॅटिक बांधली. ट्रिगर एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत घेणं रायफल स्वतः करते. दस्ता त्यांच्या खांद्याच्या मापाचा आणि ट्रिगर डाव्या हाताच्या बोटाला हलका. क्लबची हिवाळी लीग तोंडावर आली होती.

पहिल्या दिवशी मी त्यांना "मॅडम" म्हटलं. त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणू नकोस, मला वाटतं तुझी वही तपासायची राहिलीय." नुसतं मोरीन म्हणायला माझी जीभ वळेना. शेवटी मी काहीच न म्हणता बोलायला लागलो.

या रायफलसाठी काडतूस निवडणं नाजूक का, ते सांगतो. तिचा बोल्ट कुठल्या कुलपानं बंद होत नाही. स्वतःच्या वजनावर आणि एका स्प्रिंगवर तो मिटलेला असतो. काडतूस कमजोर असेल तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि रायफल अडकते. जास्त जोराचं असेल तर बोल्ट घाईनं उघडतो, तेव्हा आत दाब असतो आणि पुंगळी बुडाशी फुगते. फुगलेली पुंगळी एखाद्या दिवशी फाटू शकते, आणि ती नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. सगळ्यात वाईट म्हणजे बोल्ट पूर्ण मिटलेला नसताना काडतूस पेटणं. या रायफलमध्ये ते होऊ नये अशी सोय होती. पण डेक्लनचं म्हणणं, सोयीवर विसंबायचं नाही, तिची गरजच पडता कामा नये.

आम्ही चार प्रकारची काडतुसं आणली होती. दबक्या आवाजाची सबसॉनिक मोरीनबाईंना आवडली, कारण रेंजच्या शेजारी गाई असतात. पण त्या काडतुसांनी बोल्ट अर्धाच हलला. जोरदार हाय-व्हेलॉसिटी मस्त चालली, पण तिच्या पुंगळ्या माझ्या मापात बुडाशी फुगलेल्या निघाल्या. बॅरल बनवणाऱ्यानंही ती वापरू नका म्हणून बजावलं होतं. ती बाद. उरली दोन स्टँडर्ड. त्यातली एक महागडी मॅच काडतुसं, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली. डेक्लननं ती झाडली तेव्हा रायफल एकदाही अडली नाही आणि टार्गेटवर सगळी भोकं एकमेकांना चिकटून. निवड झाली असं आम्ही धरून चाललो. आणि मोरीनबाईंच्या हातात ती प्रत्येक वेळी अडकत होती.

रेंजच्या खोलीत चहा घेताना डेक्लन हळूच म्हणाला, "मोरीन, रायफल खांद्यात नीट दाबली जात नाहीये. हात सैल पडतोय."

"मला तेवढंच जमतं."

"मी प्रत्येक वेळी शेजारी उभा राहीन. अडकली की मी काढेन. ग्रँड, काही अडचण नाही."

"दर तिसऱ्या गोळीला हात वर करून तुला बोलवू? मला खेळायचंय डेक्लन. सगळ्यांनी मला खेळवत बसू नये." त्यांनी कप खाली ठेवला. "असंच राहिलं तर यंदा नाव देत नाही. यंदा नाही म्हणजे पुन्हा कधीच नाही, हे तुलाही कळतं."

मला फार वाईट वाटलं. पण सैल हाताचा हिशेब पटत नव्हता. बोल्ट मागे व्यवस्थित जात होता, पुंगळी बाहेर पडत होती. अडचण पुढचं काडतूस आत बसताना येत होती. ते शेवटच्या नखाएवढ्या जागेत रुतत होतं. त्यात खांद्याचा काय संबंध? हे बोलावं की नाही, मी ठरवत राहिलो. मग बाहेर जाताना डेक्लननं कोटाच्या आतल्या खिशातून काडतुसांचा डबा काढलेला मी पाहिला. मोरीनबाईंचा डबा सकाळपासून बाहेर सिमेंटच्या बाकावर होता.

"डेक्लन," मी म्हटलं, "तुम्ही डबा खिशात का ठेवता?"

"कुठला डबा?"

"हातातला."

त्यानं हाताकडे पाहिलं. "सगळेच ठेवतात."

"मी नाही ठेवत," मोरीनबाई म्हणाल्या. "मला एका हातानं बाकावरूनच घेता येतं."

टू-टूच्या गोळीवर वरून मेणासारख्या वंगणाचा थर असतो. मॅच काडतुसांवर तो जाड असतो. थंडीत तो घट्ट होतो. इथले जुने नेमबाज म्हणून डबा छातीशी उबेत ठेवतात, म्हणजे प्रत्येक गोळी सारखी जाते. हातानं बोल्ट ढकलणाऱ्याला थोडं घट्ट मेण जाणवतही नाही, तो जरा जोर लावतो. सेमी-ऑटोमॅटिकची स्प्रिंग मात्र ठरलेलाच जोर लावते. त्यात मोरीनबाईंच्या रायफलचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, अचूकतेसाठी अगदी बेताचं ठेवलेलं. डेक्लनची सवय इतकी जुनी होती, की आपण चाचणीत काडतुसं गरम करून घेतोय हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. माझ्या तक्त्यातही त्याला रकाना नव्हता.

"डबा बाकावर ठेवून तुम्ही झाडून बघाल?" मी विचारलं.

त्यानं डबा बाकावर ठेवला. आम्ही आणखी एक चहा घेतला. मग त्यानं पालथं पडून नेम धरला. दुसऱ्याच गोळीनंतर त्याच्याही हातात रायफल अडकली. तीच नखाएवढी फट.

"हात सैल पडतोय तुझा," मोरीनबाई म्हणाल्या.

डेक्लन आडवा पडूनच हसत राहिला. मग नळी टार्गेटकडे ठेवून नियमाप्रमाणे थांबला.

त्याचा पहिला उपाय सोपा होता. "मोरीन, तूही खिशात ठेव."

"माझ्या कार्डिगनला खिसा नाही. आणि एखाद्या रविवारी विसरले तर?"

यावर मीही बोललो. म्हटलं, जे काडतूस आठवण ठेवली तरच चालतं, त्याला भरवशाचं म्हणता येणार नाही. डेक्लन म्हणाला, "हे रिपोर्टमध्ये लिही. तुझ्या प्रोफेसरांना आवडेल."

उरलेलं चौथं काडतूस स्वस्त होतं. त्यावर मेणाचा थर पातळ आणि कोरडा. त्याचे डबे आम्ही आदल्या संध्याकाळपासून वर्कशॉपच्या थंडगार स्टोअरमध्ये कुलपात ठेवले आणि सकाळी रेंजवर थेट बाकावर मांडले. आधी डेक्लननं झाडली, मग मोरीनबाईंनी, मॅगझिनमागून मॅगझिन. रायफल एकदाही अडकली नाही. मी पुंगळ्या मोजल्या. एकही फुगलेली नव्हती, आणि बुडाच्या काठावर काडतूस पेटवणाऱ्या पिनचा ठसा सगळ्यांवर सारखा. टार्गेटवरची भोकं मात्र थोडी पसरली.

"किती पसरली?" मोरीनबाईंनी विचारलं.

"तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी."

"तेवढं माझ्या वयाला शोभतं," त्या म्हणाल्या आणि तेच काडतूस ठरलं. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालातले, डबे घेतले, कारण लॉट बदलला की चाचणी पुन्हा करावी लागते. चेंबर थोडं मोकळं करू का, असं डेक्लननं विचारलं. मोरीनबाई म्हणाल्या, जे चालतंय त्याला हात लावू नकोस.

लीग सुरू व्हायच्या आधीच माझी प्लेसमेंट संपली आणि मी ॲडम्सटाउनला, कॉलेजकडच्या माझ्या खोलीवर परत आलो. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, की चाचणी वस्तू वापरणाऱ्याच्या पद्धतीनं आणि त्याच्या हवेत करावी, चाचणी घेणाऱ्याच्या नाही. प्रोफेसरांनी शेजारी लिहिलं, "उघड आहे." आता मलाही ते उघड वाटतं.

लीगचं काय झालं ते कळेना. डेक्लन मेसेज करणाऱ्यातला नाही, आणि आपण होऊन विचारायचा मला धीर होईना. बातमी वाईट असेल तर काय बोलायचं, हेच सुचत नव्हतं. मग डिसेंबरात एका दुपारी त्याचा फोन आला. माझी स्प्रेडशीट उघडत नव्हती. ती उघडून दिल्यावर तो "थँक्स, गुड लक" म्हणून ठेवायलाच निघाला, तेव्हा मी घाईनं विचारलं, "मोरीन कशा आहेत?"

"मोरीन? रविवारी खेळली की. शेवटून दुसरी आली. रायफल एकदाही अडली नाही, त्यामुळे आता चष्म्याला शिव्या देतेय. पुढच्या रविवारचंही नाव देऊन गेलीय."