व्याह्याची जीप

अमडापूरच्या शालिग्रामरावांच्या शेतात एक विहीर आहे. तिला पाणी लागायच्या आधीच त्यांचा उत्साह आटला. घरामागच्या गोठ्याला चार भिंती आहेत, पत्रे नाहीत. भजनात ते पेटीवर ध्रुवपद तेवढं वाजवतात आणि मग चहा झाला का ते बघायला उठतात. "यायनं जेवणाशिवाय काहीच शेवटाले नेलं नाही," असं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पाहुण्यांदेखत सांगतात. तेही मान डोलावतात.

अशा माणसानं छप्पन्नाव्या वर्षी, ऐन मे महिन्यात, पाच दिवसांत सायकलवर जिल्ह्याला फेरा घालायच्या मोहिमेत नाव दिलं, तेव्हा गावात पैज लावायलाही कोणी मिळेना; सगळे एकाच बाजूचे होते. शालिग्रामरावांनी मात्र मनाशी ठरवलं होतं, एवढी एक गोष्ट पुरी करायची. नियम साधा होता. कुठल्याही गाडीत एकदा जरी बूड टेकलं, तरी पदक गेलं.

बरोबरचे बावीस जण गिअरच्या सायकलींवर, चकचकीत कपड्यांत. शालिग्रामरावांची काळी सायकल, पायजम्याला चिमटा आणि डोक्याला ओला दुपट्टा. दुसऱ्या दिवशी रस्ता त्यांच्याच दारावरून गेला. सत्यभामाबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"आले? मले वाटलं, कालच येसान."

शालिग्रामराव पाणीही न पिता पुढे गेले. उतरलो की संपलं, इतके ते स्वतःला ओळखून होते.

चौथ्या दिवशी डांबर टायरला चिकटायला लागलं. नऊ जण मागच्या टेम्पोत बसले आणि तिथून बाकीच्यांना धीर देऊ लागले.

शेवटचा टप्पा धाड ते बुलढाणा. दुपारी बाराच्या आत पोचा, असं मोहिमेचा म्होरक्या ऋत्विक यानं बजावलं होतं. पण वाटेत देऊळघाट, आणि देऊळघाटला त्यांच्या योगिनीचं सासर. व्याह्याच्या दारावरून तसंच जावं, तर पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. शालिग्रामराव पाच मिनिटांसाठी उतरले. त्या पाच मिनिटांत आमरसाच्या तीन वाट्या झाल्या. चौथीला नको म्हणण्यात अर्धा तास गेला.

बाहेर येऊन बघतात तो सायकल जीपच्या टपावर, आणि व्याही वामनराव दोरी आवळत होते.

"इवाई, हे काय?"

"पोचवून देतो न तुम्हाले. एवढ्या उनात आमचा पाहुणा सायकलनं जाईन? लोक काय म्हनतीन मले?"

"पाया पडतो, पन बसत नाही. पदक जाते जी."

"पदक मोठं का मी मोठा?"

शालिग्रामरावांनी टपावरच्या दोरीची गाठ सोडायला घेतली. शेवटी योगिनी मध्ये पडली. "मामंजी, बाबा सायकलनं जातीन. आपन जीप घेऊन मांगून जाऊ. पोचवनंच झालं ते."

मग पुढे शालिग्रामराव आणि मागे चालण्याच्या वेगानं जीप, अशी वरात निघाली. दर मैलावर वामनराव जीप बाजूला आणत, दरवाजा उघडून धरत आणि म्हणत, "अजूनबी बसा!" चढावर तर शालिग्रामराव पायी सायकल ढकलत असताना हा दरवाजा सतत उघडाच होता.

बाराला पाच कमी असताना ते पोचले. ऋत्विकनं आधी जीप पाहिली, मग सायकलच्या दांड्याला लोंबणारी दोरी पाहिली, मग मिशीवरचा रस.

"काका, जीपमधून आलात ना?"

शालिग्रामराव घाईघाईनं मिशी पुसू लागले. तेवढ्यात वामनराव खाली उतरले.

"बसले असते तं रडनं कायचं होतं? हात जोडले, दरवाजा धरला, पोरीची शपथ घातली. नाही बसले! चार गावांत माझी शोभा केली या मानसानं!"

इतकी खरी तक्रार खोटी असूच शकत नाही, हे ऋत्विकलाही कळलं. त्यानं पदक काकांच्या गळ्यात घातलं.

शालिग्रामरावांनी घरी फोन लावला. "झाली. पूर्ण."

 पलीकडून सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्हंजे जमते तुमाले! आता घरी या अन् गोठ्यावर पत्रे टाका. मंग विहिरीचं पाहू."

शालिग्रामरावांनी पदक काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ते जीपकडे वळले.

"इवाई, आता बसतो. आठ-दहा दिवस देऊळघाटलेच राहीन म्हनतो."

"आता बरी आठोली जीप!" वामनराव म्हणाले. अजून फुगलेलेच होते; पण दरवाजा त्यांनी उघडला.